सांधा

केबल वर आली तेव्हा तिच्या अंगावर शेवाळ होतं,
दोन शिंपले, आणि एक ताजा, चकचकीत ओरखडा.
तुटलेलं टोक मी हातात घेतलं.
कापलेलं नव्हतं ते, ओढलेलं होतं,
हट्टी पोरानं स्वेटरचा धागा ओढावा तसं.
बाल्टिकच्या तळाशी नांगर सोडून
कुणीतरी सव्वाशे मैल चालत राहिलं
आणि म्हणे लक्षातच आलं नाही.

कप्तान इंद्रेक पडद्यापाशी उभा होता.
पडद्यावर आमचं जहाज
एका बटाट्याच्या शेतात उभं होतं.
तीन दिवस कुणीतरी कुठूनतरी
आकाशाला खोटं बोलायला लावत होतं.
"पीक बरं दिसतंय यंदा," तो म्हणाला,
आणि खणातून कागदी नकाशा काढला,
पेन्सिल, बापाचं पितळी कर्कटक.

ज्या जहाजाचा तो नांगर
त्याचं नाव वर्षात दोनदा रंगवलेलं,
मालक एका देशात, विमा दुसऱ्या,
खलाशी तिसऱ्याच मुलखातले, पाच महिने बिनपगारी.
त्यांच्यावर चिडायचं तरी कसं?
चौकशी चालू आहे, असं मंत्री म्हणाले.
चौकशी चालू असते.
जहाज निघून जातं.

बंदरातल्या जुन्या वायरलेसवरून आईनं विचारलं,
"कुणी केलं?"
"माहीत नाही."
"असं कसं माहीत नाही?
एकोणपन्नास साली ते आले तेव्हा मी आईच्या कडेवर होते.
दारावर थाप पडली. निदान थाप तरी पडली!
बूट ऐकू आले, शिव्या कुठल्या भाषेतल्या ते कळलं.
आणि आता? दार नाही, थाप नाही,
नुसतं दुकानात कार्ड चालेनासं होतं."

हियुमावर त्या आठवड्यात कसलंच काही चालत नव्हतं.
त्याआधी तासभर, फोन मरण्यापूर्वी,
सरपंच उलारच्या आवाजात एक निरोप फिरला:
विहिरींचं पाणी पिऊ नका,
मिळेल त्या फेरीत बसा, निघा.
आवाज त्याचाच. मधला खोकलासुद्धा.
फक्त उलार त्या वेळी हेल्वीच्या दुकानात
लोकरीचे मोजे पारखत होता.
त्यानं स्वतःलाच ऐकलं, आणि बराच वेळ
तो मोजा हातात धरून बसून राहिला.
मग उठून धक्क्यावर गेला, दिवसभर थंडीत उभा राहिला,
येणाऱ्या प्रत्येकाला तोंड दाखवत.

हेल्वीनं पोटमाळ्यावरून वही आणली,
सासूच्या काळातली, अर्धी कोरी.
शेवटची नोंद: रॉकेल, दोन लिटर.
त्याच्याच खाली तिनं लिहिलं:
विर्वे. पाव चार. मीठ. मेणबत्त्या.
सही नाही, पासवर्ड नाही.
चेहरा बघून लिहायचं, बस.

मी जोडणीच्या खोलीत बसले.
हात थरथरू नयेत म्हणून चार दिवस कॉफी बंद.
काचेचा तंतू, केसाहून बारीक,
टोकाला टोक, मध्ये एक ठिणगी, श्वास रोखलेला.
अठ्ठेचाळीस वेळा.
खिडकीबाहेर एक करडी बोट घिरट्या घालत होती;
आपली की त्यांची, मी विचारलं नाही.
राइवो म्हणाला, "पुन्हा तोडतील."
तोडतील.
समुद्राच्या तळाला कुलूप बसत नाही.
मी म्हटलं, तो चिमटा दे, सदतिसावा वाकडा बसलाय.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी
उजेड पलीकडे गेला.
पहिल्यांदा काय गेलं असेल त्यातून?
एखादं थकलेलं बिल, सॅलडची जाहिरात,
कुणाच्या तरी मांजराचा फोटो.
आम्ही केबल हळूच खाली सोडली,
झोपलेलं मूल ठेवावं तशी,
नेमकी कुठे ते आम्हाला माहीत,
आणि त्यांनाही.

घरी आले तेव्हा आईचं कार्ड चालू झालं होतं.
"हेल्वीचे पैसे दिलेस?"
"दिले. दोन पावांचे सोडून."
"ते का गं?"
"असू दे. थोडी उधारी राहिली
की येणं-जाणं राहतं."